खांद्यावरची होडी

18व्या शतकात उत्तर अमेरिकेतले फर व्यापारी मूलनिवासींची भूर्जसालीची होडी का वापरत, हे कळायला जमिनीकडे पाहावं लागतं. पिजन नदीचे धबधबे टाळायला सुपीरियर सरोवरावरच्या ग्रँड पोर्टेजहून सुमारे 14 किलोमीटर चाल पडे. माणशी 41-41 किलोंची दोन गाठोडी, पट्टा कपाळावर. तिथे दोन्ही टोकांना होड्या सहसा वेगळ्या असत, त्यामुळे त्या वाहाव्या लागत नसत, हा आक्षेप खरा. पण पुढे अशा कितीतरी लहान पायवाटा होत्या आणि तिथे होडीही खांद्यावरच जाई. फळ्यांची होडी जास्त टिकली असती, हेही मान्य. मात्र फाटलेली साल शिवायला स्प्रूस झाडाची मुळं आणि लिंपायला त्याचाच डिंक काठावर मिळे. जड होडीला जादा माणसं लागली असती, आणि त्यांचा शिधाही तिच्यातूनच न्यावा लागला असता.