भाषा शाळेत शिकावी, मुरावी कोठे?

परक्या भाषेचे व्याकरण शाळेत शिकता येते; त्या भाषेत चेष्टा करणे, रुसणे, वडीलधाऱ्यांशी अदबीने बोलणे या गोष्टी मात्र केवळ शाळेत शिकता येत नाहीत. कॅनडातील ‘फ्रेंच इमर्शन’ या शिक्षणपद्धतीचा इतिहास हेच सांगतो. तेथील माध्यमिक शाळांतील मुलांसाठी सहली, विद्यार्थ्यांची अदलाबदल आणि उन्हाळी वर्ग योजले जातात. त्यांकडे सुटीतील मौज म्हणून न पाहता शिक्षणाचा उर्वरित अर्धा भाग म्हणून पाहावयास हवे, ते यासाठीच.

या पद्धतीचा आरंभ सरकारी फर्मानाने झाला नाही. मॉन्ट्रियलनजीकच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरातील काही इंग्रजी भाषक पालक १९६३ मध्ये एकत्र आले. आजूबाजूचा समाज फ्रेंच बोलत असताना आपल्या मुलांना मात्र शाळेतील फ्रेंचच्या तासामुळे कामापुरतेही बोलता येत नाही, ही त्यांची खंत होती. त्यांच्या चिकाटीमुळे १९६५ मध्ये बालवर्गापासून इंग्रजी भाषक मुलांना सर्व काही फ्रेंचमधूनच शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. मॅक्‌गिल विद्यापीठातील वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांच्या प्रगतीचा अभ्यास करून १९७२ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मुलांचे इंग्रजी मागे पडले नाही आणि फ्रेंचचे आकलन मात्र थक्क करण्याजोगे वाढले, हा त्यांचा निष्कर्ष होता. दरम्यान १९६९ च्या राजभाषा अधिनियमाने केंद्रीय कारभारात इंग्रजी व फ्रेंच यांना समान दर्जा दिला होता. साहजिकच ही पद्धत देशभर पसरली आणि आज पावणेपाच लाखांच्या आसपास विद्यार्थी तिचा लाभ घेतात.

तथापि यशाच्या पोटात एक उणीव दडलेली होती. टोरॉन्टोतील संशोधिका मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले. वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शिकलेली मुले ऐकण्यात व वाचण्यात फ्रेंच भाषक मुलांच्या जवळ पोहोचतात. बोलण्यात व लिहिण्यात मात्र मागेच राहतात. कारण उघड आहे. वर्गात बोलतो तो बहुधा शिक्षक. मुलांच्या वाट्याला येतात ती त्रोटक उत्तरे. मधल्या सुटीची घंटा झाली की सारी मुले पुन्हा इंग्रजीकडे वळतात.

मराठी वाचकाला या उणिवेचे मर्म एका उदाहरणावरून चटकन ध्यानात येईल. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांप्रमाणे फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’ ही संबोधने आहेत. शिक्षक मुलांना ‘त्यू’ म्हणतात, मुले एकमेकांना ‘त्यू’ म्हणतात. परिणामी आदरार्थी ‘व्हू’ वापरण्याची सवयच जडत नाही आणि ही मुले अनोळखी वृद्धांनाही ‘अरे-तुरे’ करतात, असे संशोधकांना आढळले. गंमत अशी की, याच मुलांचे समवयस्कांशी बोलणे मात्र पुस्तकी असते. फ्रेंच भाषक मुले घरीदारी नकारातील ‘न’ सर्रास गाळतात, ‘नू’ऐवजी ‘ऑं’ म्हणतात. पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या मुलाला ते ठाऊकच नसते. म्हणजे वडीलधाऱ्यांशी अतिसलगी आणि सवंगड्यांशी अतिऔपचारिकता, असा दुहेरी घोटाळा होतो. हा दोष बुद्धीचा नव्हे, सहवासाच्या अभावाचा आहे. रेमों मूजाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, जी मुले फ्रेंच कुटुंबांत राहून आली त्यांची बोली स्थानिकांच्या बोलीच्या अधिक जवळ गेलेली दिसली, ते यामुळेच.

हा सहवास घडविण्याचे मार्ग कॅनडाने शोधले आहेत. १९७१ पासून उन्हाळी भाषा-शिष्यवृत्त्या देण्यात येऊ लागल्या. ‘एक्स्प्लोर’ या नावाने ही योजना पुढे ओळखली जाऊ लागली. सोळा वर्षांवरील विद्यार्थी पाच आठवडे दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात राहतो, सकाळी वर्गात शिकतो आणि उरलेला दिवस त्या भाषेत जगतो. नोव्हा स्कोशियातील अकाडियन किनाऱ्यावरील सेंट-आन विद्यापीठात तर मुक्कामभर फ्रेंचखेरीज अन्य भाषा न बोलण्याची विद्यार्थ्यांकडून हमी घेतली जाते. शालेय अदलाबदलीत एका प्रांतातील मूल दुसऱ्या प्रांतातील कुटुंबात राहते आणि मग त्या घरातील मूल त्याच्या घरी येते. यजमान आणि पाहुणा या दोन्ही भूमिका प्रत्येकाच्या वाट्याला येतात, हा या पद्धतीचा विशेष होय.

मात्र प्रत्येक प्रवास हा भाषेचा प्रवास नसतो. चाळीस मुलांचा जथा बसमध्ये बसवून पॅरिसची प्रेक्षणीय स्थळे दाखवून आणली, तर मुले आपापसांत इंग्रजीच बोलणार; भाषेच्या दृष्टीने अशा सहलीचे मोल बेताचेच. मॉन्ट्रियलसारख्या महानगरातही अडखळत्या फ्रेंचला दुकानदार सौजन्याने इंग्रजीतच उत्तर देतो आणि त्या सौजन्यापायी शिकणाऱ्याची संधी हुकते. त्यापेक्षा शिकुटीमीसारखे फ्रेंचमय गाव, एकेका घरी एकेक पाहुणा आणि पुरेसा दीर्घ मुक्काम यांचा लाभ निःसंशय अधिक. स्वयंपाकघरात मागितलेली मिठाची वाटी जे शिकविते ते दहा निबंध शिकवीत नाहीत.

खरा प्रश्न आहे तो पैशाचा. इमर्शनचे वर्ग ही सुस्थितीतील घरांची मिरासदारी होत चालली आहे, अशी टीका कॅनडात पूर्वापार होत आली आहे. त्यात प्रवासाची भर पडली की ही दरी आणखी रुंदावते. व्हँकुव्हरहून क्वेबेक शहर रस्त्याने पाच हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. शिष्यवृत्तीतून शिकवणी, निवास व भोजन यांचा खर्च भागला, तरी तेथवर पोहोचण्याचे भाडे विद्यार्थ्याच्या माथी राहिले, तर गरीब घरातील मूल अर्ज करण्याआधीच बाद होते. सहवास हा जर शिक्षणाचा भाग असेल, तर वह्या-पुस्तकांइतकीच त्याची जबाबदारी शासनाची ठरते.

हा खर्च अनाठायी ठरणार नाही. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक कॅनडात राहिला तो ४९.४२ विरुद्ध ५०.५८ टक्के अशा निसटत्या बहुमताने. २०२१ च्या जनगणनेनुसार क्वेबेकमध्ये ४६.४ टक्के लोकांना दोन्ही राजभाषा येतात. क्वेबेकबाहेर हे प्रमाण अवघे ९.५ टक्के आहे. दुसऱ्याची भाषा शिकण्याचे ओझे कोणावर अधिक पडले आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. अधिनियमाने फलक द्विभाषिक होतात. माणसे द्विभाषिक होण्यासाठी परस्परांच्या घरी जावे लागते.

या बाबतीत भारताने एक पाऊल पुढे टाकले आहे, याची नोंद घ्यावयास हवी. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली नवोदय विद्यालये निघाली. या विद्यालयांच्या आखणीत हिंदी आणि हिंदीतर प्रदेशांतील नववीच्या तीस टक्के मुलांनी एक वर्ष परस्परांच्या प्रदेशात राहून शिकावे, अशी तरतूद आहे आणि तिचा भार शासन उचलते. मुलाला दूर धाडताना आईबापांचा जीव कासावीस होतो, हे खरे. तरीही ग्रामीण, सामान्य घरांतील मुलांसाठी ही सोय व्हावी, यातच तिचे मोठेपण आहे. आपल्याकडील इतर शाळांत मात्र त्रिभाषा सूत्र गुणपत्रिकेपुरतेच उरले आहे. कॅनडाच्या अनुभवाचा धडा दोन्ही देशांना सारखाच लागू पडतो. शेजाऱ्याची भाषा शिकविण्याचे ठरविले, तर शेजाऱ्याचे दारही मुलांसाठी उघडावे लागेल आणि तेथवर पोहोचण्याचे भाडे बापाच्या खिशावर सोडून चालणार नाही.