प्रधान द्रव्य कोणते? : ई-मेलचा प्रोग्रॅम बदलताना

एखादे द्रव्य बाजारात मिळेनासे झाले म्हणून वैद्य अडून बसत नाही. अष्टवर्गातील वनस्पती दुर्मीळ झाल्या तेव्हा भावमिश्रांनी भावप्रकाशात त्यांचे प्रतिनिधी सांगून ठेवले. मेदा-महामेदेच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद. आपल्यापैकी जे च्यवनप्राश स्वतः सिद्ध करतात, त्यांना ही वाट परिचयाची आहे. मात्र त्याच ग्रंथाने एक मर्यादाही घालून दिली आहे. योगातील अप्रधान द्रव्याला प्रतिनिधी चालतो, प्रधान द्रव्याला चालत नाही.

हे येथे सांगण्याचे कारण औषधनिर्माण नव्हे. आमच्या दवाखान्यातील संगणकावरचा ई-मेलचा प्रोग्रॅम बदलण्याची वेळ आमच्यावर आली आणि त्या खटाटोपात हाच नियम आमच्या उपयोगी पडला. बोरिवली, अंधेरी येथील काही वैद्यमित्र व औषधविक्रेते सध्या याच अडचणीत आहेत. त्यांनी वारंवार विचारणा केल्यामुळे आमचा अनुभव येथे मांडत आहोत.

पुरातून वाचलेली पत्रे

आमचा दवाखाना घाटकोपर पश्चिमेला, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री दवाखान्यात कमरेइतके पाणी होते. कपाटाच्या खालच्या तीन फळ्यांवरील केसपेपरांचा अक्षरशः लगदा झाला. संगणक मात्र मुलुंडच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर होता. परगावच्या रुग्णांशी झालेला पत्रव्यवहार त्यातील आउटलुक एक्स्प्रेसमध्ये जसाच्या तसा राहिला. त्या दिवसापासून आम्ही ठरविले की रुग्णाने कळविलेले प्रत्येक लक्षण, प्रत्येक रिपोर्ट आणि आम्ही दिलेला प्रत्येक सल्ला मेलमध्ये जपून ठेवायचा. घाऊक व्यापाऱ्यांची दरपत्रके आणि कच्च्या द्रव्यांचे तपासणी अहवालही त्यातच जमा होऊ लागले.

पुढे प्रोग्रॅम बदलत गेले. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आणि आउटलुक एक्स्प्रेसही त्याबरोबर गेला. आम्ही विंडोज सेव्हनचा संगणक घेऊन त्यावर विंडोज लाइव्ह मेल वापरू लागलो. त्याचा आधार १० जानेवारी २०१७ रोजी थांबला. पुढील संगणकावर विंडोजबरोबर येणारा साधा मेल प्रोग्रॅम होता. तोही ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. वीस वर्षांत तीन प्रोग्रॅम झाले आणि पत्रे तीन ठिकाणी विखुरली. आम्ही दर वेळी नव्या प्रोग्रॅमची सोय पाहिली. जुन्या पत्रांचे काय झाले, हे पाहिलेच नाही.

एका पत्राचा शोध

जानेवारी २०२५ मध्ये एक निवृत्त शिक्षिका बऱ्याच वर्षांनी दवाखान्यात आल्या. सांधे आखडलेले, प्रकृती कफप्रधान, अग्नी मंद. नाडी पाहताना आमच्या मनात एक भल्लातकयुक्त कल्प आला. इतक्यात त्या सहज म्हणाल्या, "डॉक्टर, मागे तुमच्या एका औषधाने अंगभर खाज सुटली होती. मी तुम्हाला मेल केला होता. औषधाचे नाव काही आता आठवत नाही."

बिब्बा सर्वांनाच सोसत नाही, हे वाचकांना सांगणे नलगे. नेमके ते औषध कोणते होते हे कळल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हते. आम्ही त्यांना तीन दिवसांनी या असे सांगितले, तूर्त केवळ पथ्य व बाह्योपचार दिला आणि शोधाला लागलो.

जुना संगणक बदलताना दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी "सगळे डीव्हीडीवर घेतले आहे" असे सांगितले होते. ती डीव्हीडी उघडली तर तिच्यात केवळ माय डॉक्युमेंट्स होते. आउटलुक एक्स्प्रेस आपली टपाल तेथे ठेवीतच नसे. ती लोकल सेटिंग्जच्या आतील एका लपविलेल्या फोल्डरमध्ये, डीबीएक्स या प्रकारच्या फाइलींत असे. सुदैवाने जुनी हार्ड डिस्क माळ्यावर पडलेली होती. ती यूएसबी केसमध्ये घालून विंडोज सेव्हनच्या संगणकाला जोडली. त्यावरील लाइव्ह मेलला आउटलुक एक्स्प्रेसची टपाल आयात करता येत असे. दुसऱ्या रात्री बाराच्या सुमारास २००९ सालचे ते पत्र सापडले. रोमन लिपीतील मराठीत लिहिलेल्या आठ ओळी : तिसऱ्या दिवसापासून खाज, चेहऱ्यावर सूज, औषध थांबविले. खाली आमचेच उत्तर होते की हा कल्प पुन्हा कधीही घेऊ नये. कल्प भल्लातकाचाच होता.

ती डिस्क भंगारात गेली असती तर? आम्ही आमच्याच लेखी निषेधाविरुद्ध तेच औषध दुसऱ्यांदा दिले असते. प्रोग्रॅम हे अप्रधान द्रव्य आहे, पत्रे हे प्रधान द्रव्य आहे, हे त्या रात्री आमच्या ध्यानी आले. प्रोग्रॅमला प्रतिनिधी मिळतो. पत्राला मिळत नाही.

युडोराचा धडा

मुंबईत १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. ते दिवस फोनच्या तारेवरून जोडणी करण्याचे होते. जितका वेळ जोडणी, तितका खर्च. जोडणी करावी, सारी टपाल संगणकावर उतरवून घ्यावी, जोडणी तोडावी आणि मग निवांत वाचावे, अशी रीत होती. संगणकात बसणारे मेल प्रोग्रॅम लोकांच्या हाडीमाशी भिनले ते यामुळे.

त्या काळी जगभर नावाजलेला प्रोग्रॅम म्हणजे युडोरा. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात तो रचला आणि लेखिका युडोरा वेल्टी यांचे नाव त्यास दिले. पुढे क्वालकॉम कंपनीने तो घेतला. २००६ मध्ये त्याची विंडोजसाठीची शेवटची आवृत्ती आली आणि २००७ मध्ये विक्री थांबली. लाखोंच्या आवडीचा प्रोग्रॅमही असा संपतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने त्याचा मूळ कोड सर्वांस खुला केला, म्हणजे तो संग्रहालयात जाऊन बसला.

मात्र युडोरात एक मोठा गुण होता. तो पत्रे साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवी. प्रोग्रॅम गेला तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून आजही वाचता येते. डीबीएक्स फाइल नोटपॅडमध्ये अशी सरळ वाचता येत नाही, आणि ती २ जीबीच्या पुढे गेली की बिघडत असे. म्हणजे एक प्रोग्रॅम गेला तरी त्याची पत्रे उरली आणि दुसऱ्याबरोबर पत्रेही कुलूपबंद झाली. प्रतिनिधी निवडताना हा भेद सर्वांत आधी पाहावा.

प्रतिनिधीची परीक्षा

द्रव्याचा प्रतिनिधी आपण दिसण्यावरून घेत नाही, कर्मावरून घेतो. जुन्या प्रोग्रॅमसारखी बटणे नव्यातही आहेत, एवढ्याने भागत नाही. आम्ही चार प्रश्न विचारले. पत्रे कोणत्या स्वरूपात साठतात व दुसरीकडे नेता येतात का? रुग्णाचे पत्र आमच्या संगणकाखेरीज आणखी कोणाकडे जाते? व्यवसायासाठी परवाना लागतो का? आणि जुन्या मराठी पत्रांची अक्षरे नीट दिसतात का?

मायक्रोसॉफ्टचा नवा आउटलुक विनामूल्य आहे व दिसायला सुबक आहे. पण त्यास दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले की त्या टपालाची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते. रुग्णाने विश्वासाने लिहिलेली गोष्ट आणखी एका घरी ठेवावी का, याचा विचार ज्याने त्याने करावा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, हेही लक्षात असावे. ऑफिसबरोबर विकत मिळणारा जुन्या पद्धतीचा आउटलुक भक्कम आहे. तो साठा पीएसटी फाइलीत ठेवतो. ज्या औषधालयांत तो आधीपासून आहे त्यांनी तो सोडण्याची घाई करू नये.

ईएम क्लायंट हा प्रोग्रॅम आउटलुकला सरावलेल्यांना लवकर जमतो. मात्र त्याचा मोफत परवाना घरगुती वापरापुरता आहे. दवाखान्यासाठी वा दुकानासाठी तो विकत घ्यावा लागतो.

थंडरबर्डची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. तो विनामूल्य आहे, त्याचा कोड खुला आहे, तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. पत्रे तो एमबॉक्स या साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवतो, म्हणजे युडोराचाच गुण. जीमेलने मे २०२२ पासून केवळ नेहमीच्या पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमला प्रवेश देणे वैयक्तिक खात्यांसाठी बंद केले. थंडरबर्ड त्याची नवी प्रवेशपद्धती जाणतो. दोषही सांगितले पाहिजेत. पुसलेले पत्र फाइलीतून लगेच जात नाही, 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत फाइल फुगत राहते. शिवाय २०१२ मध्ये मोझिलाने या प्रोग्रॅमवरील काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले होते. तो टिकला आणि २०२० पासून मोझिलाच्याच एका स्वतंत्र कंपनीकडे आहे. तो अमर आहे असे आम्ही म्हणत नाही. तो गेला तरी पत्रे उरतील, एवढे पाहून आम्ही तो घेतला.

स्थलांतराचा विधी

पूर्वकर्म प्रथम. मूळ फाइलींना हात न लावता त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्याव्या. संगणक दुरुस्तीस देण्यापूर्वी टपालीचा फोल्डर कोठे आहे हे स्वतः पाहावे, कारण तो बहुधा लपविलेला असतो. थंडरबर्डमध्येही तसेच आहे. त्यातील हेल्प मेनूमधील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' येथून तो फोल्डर उघडता येतो.

प्रधानकर्मात आम्ही लाइव्ह मेलमधून प्रत्येक पत्र ईएमएल या स्वरूपात बाहेर काढले. थंडरबर्डमध्ये 'इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी' ही जोडणी बसविली आणि तिच्याद्वारे ती पत्रे 'लोकल फोल्डर्स'मध्ये वर्षवार घेतली. शेवटच्या प्रोग्रॅममधील पत्रे आयमॅप खात्याची होती. ती सर्व्हरवरच असल्यामुळे खाते जोडताच दिसू लागली. पत्त्यांची यादी सीएसव्ही फाइलीतून आणली.

पश्चात्कर्म बरेच जण टाळतात. जुन्या व नव्या फोल्डरमधील पत्रांची संख्या ताडून पाहावी. प्रत्येक वर्षातील दहा पत्रे अटॅचमेंटसह उघडावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आलेली मराठी पत्रे युनिकोड नसल्याने अगम्य चिन्हांसारखी दिसतात. ती बिघडली असे समजून पुसू नयेत. तो फाँट संगणकावर बसवून, त्या फाँटमध्ये पत्र वाचून, महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. आमच्याकडे अशी चाळीसेक पत्रे निघाली, त्यांत गुरुजनांनी रुग्णांविषयी दिलेले सल्ले होते.

आणि नित्याचे पथ्य. आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. काउंटरवरील मुलाने फोनवर पत्र पुसले की ते दवाखान्यातूनही जाते. म्हणून दर तिमाहीस जुनी पत्रे लोकल फोल्डर्समध्ये उतरवून त्यांची एक प्रत घरी व एक अन्यत्र ठेवावी. तळमजल्यावर एकही नको. उपनगरातल्या पावसाळ्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना याचे कारण विचारावे लागणार नाही.

त्या शिक्षिका तीन दिवसांनी ठरल्याप्रमाणे आल्या. त्यांना दुसरी योजना दिली. सहा आठवड्यांत त्यांना जिना चढता येऊ लागला. त्यांच्या नव्या केसपेपरावर आम्ही वरच्या बाजूस तांबड्या शाईने 'भल्लातक वर्ज्य' असे लिहिले आहे, आणि २००९ च्या त्या पत्राची छापील प्रत त्यास टाचली आहे.