लोखंड जुनं चालेल, बोल्ट नवेच हवेत

जुनी पिकअप, घरचं गॅरेज : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण चासीवरचा गंज तपासला. चासी ठणठणीत असेल तरच आजचं काम हाती घ्या. आज वापरलेलं लिफ्ट किट बसवून गाडी उंच करायची आहे.

उदाहरणाला १९८५ची टोयोटा फोर बाय फोर पिकअप घेऊ. ‘बॅक टू द फ्युचर’मधला मार्टी जिच्यावर जीव टाकतो, तीच ही. अमेरिकेतल्या या पिकअपला पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे मिळाले ते त्या वर्षापर्यंतच. १९८६पासून पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार आले. त्यामुळे किट विकणाऱ्याला आधी विचारायचं, ‘कोणत्या वर्षाच्या गाडीवरून उतरवलंय?’ ८५चं किट ८६च्या गाडीला बसत नाही.

मग पाटे बघा. डावा-उजवा शेजारी ठेवून कमान ताडून पाहा. एक जास्त बसलेला असेल तर गाडी त्या अंगाला कलणार. मधल्या बोल्टच्या भोकाभोवती तारेचा ब्रश मारा, केसाएवढी चीर असली तरी दिसेल. ब्रॅकेटची भोकं लांबट झाली असतील, तर ते भंगारात टाका.

यू बोल्ट मात्र दिसायला कितीही चांगले असले, तरी पुन्हा वापरू नका. कसताना ते ताणले जातात आणि आटे दबतात. दुसऱ्यांदा कसले की टॉर्क पाना आकडा बरोबर दाखवतो, पण पकड तेवढी बसत नाही, आणि ॲक्सल पाट्याला धरून ठेवणारे तेवढेच असतात. रबरी बुशही नवे घ्या. शॉकॲब्सॉर्बर तेल गाळत असतील तर तेही बदला.

बसवताना चासी भक्कम स्टँडवर टेकवा; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. उंची वाढवायला ॲक्सल आणि पाट्यात ठोकळा घालायची पद्धत फक्त मागे चालते. पुढच्या ॲक्सलवर ठोकळा कधीही नाही. ब्रेक आणि स्टेअरिंगचा जोर तिथे एकदमच येतो, ठोकळा निसटला तर गाडी हाताबाहेर जाते. पाट्यांच्या टोकांचे बोल्ट आधी हलकेच लावा आणि चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावरच शेवटचे कसा. नाहीतर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. गाडीखाली मागच्या बाजूला पाहा. ॲक्सलपासून एक बारीक सळई चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत गेलेली दिसेल. हौद्यात माल भरला की चासी खाली बसते, सळईमुळे व्हॉल्व्हला भार कळतो आणि तो मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. गाडी चार इंच उचलली की व्हॉल्व्हच्या हिशेबाने हौदा कायमचा रिकामा! मग माल भरलेला असतानाही मागचे ब्रेक कमी लागतात आणि सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. सळईचं ॲक्सलकडचं ब्रॅकेट त्याच हिशेबाने वर घेतलं की काम भागतं. किट घेताना हे ब्रॅकेट त्यात आहे ना, ते आवर्जून बघा.

ब्रेकचे होज पाइपही तपासा. चाक पूर्ण खाली लोंबत असताना ते ताणलेले दिसले तर लांब पाइप घाला. स्टेअरिंगचा दांडा फार तिरका झाला, तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप वळू लागते. त्यासाठी किटमध्ये दिलेला खास आर्म बसवावाच लागतो.

कायद्याचंही बघा. अमेरिकेत उंचीची मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, तेव्हा इथल्या वाचकांनी हा भाग माहितीपुरताच घ्यावा.

पुढच्या भागात चाकांचं अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत. तोवर गाडी शंभरेक मैल चालवा आणि यू बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने कसून घ्या. हे केल्याशिवाय पुढचा भाग वाचायला बसू नका.