सिम डब्यात, जीव भांड्यात?

वऱ्हाडाला 'रोमिंग' शिकवलं ते दुबईने नव्हे, बुऱ्हाणपूरने. धारणी मागे टाकून मध्य प्रदेशात शिरलं, किंवा परतवाड्याहून बैतुलच्या रस्त्याला लागलं, की फोन दुसऱ्या सर्कलमध्ये जायचा आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे. मुंबईचं तर आणखीच. राज्य एक, पण दूरसंचाराच्या नकाशावर महाराष्ट्र-गोवा हे एक सर्कल आणि मुंबई हे निराळं. त्यामुळे विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलेला अकोल्याचा माणूसही रोमिंगवरच. "बाहेरगावी आहो, ठेव लवकर" हे वाक्य त्या काळातलं. १ मे २०१५पासून ट्राय या दूरसंचार नियामकाने रोमिंगवर येणाऱ्या कॉलचा कमाल दर मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणला. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ रोमिंगचे पैसे न घेताच बाजारात उतरलं, एप्रिल २०१७पासून एअरटेलनेही ते घेणं बंद केलं, आणि देशातल्या देशात रोमिंग हा विषय संपला.

विषय संपला, धास्ती मात्र राहिली. आता लेक अमेरिकेत आहे, जावई शारजात आहे, नागपूरहून शारजा आणि दोहाची विमानं उडतात, बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५पासून अमरावती-मुंबई विमानही सुरू झालं. परदेशी जाणारा माणूस आता प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो. त्याला निरोप द्यायला आलेली मंडळी दोनच प्रकारचे सल्ले देतात: फोन बंद करून टाक, नाहीतर बिल लाखात येते, किंवा काही होत नाही, बिनधास्त वापर. दोन्ही महागात पडतात, आणि माझ्या मते पहिला जास्त.

"सिम काढून डब्यात टाकलं का झंझटच नाही"

मुलाकडे अमेरिकेत जाणारे आईवडील हमखास हेच करतात. व्हिजावर एका खेपेत सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मुलगा तिकडच्या आपल्या फॅमिली प्लॅनमध्ये एक नंबर वाढवून देतो, आणि इकडचं सिम डबीत घालून पर्समध्ये, नाहीतर घरच्या कपाटात. बिल शून्य. सगळे खूश.

मग बँकेत मुदत ठेव पिकते, किंवा घराचा कर ऑनलाइन भरायचा असतो, किंवा आधारवरून काही पडताळायचं असतं. ओटीपी जातो तो डबीतल्या सिमवर. सिम बाहेर काढून फोनमध्ये घातलं तरी 'नो सर्व्हिस', कारण निघताना आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेतलेलं नसतं आणि रिचार्जही मधेच संपलेला असतो.

पुढचा भाग जास्त गंभीर आहे. रिचार्ज संपला की आधी जाणारे कॉल थांबतात, मग येणारे. सलग ९० दिवस त्या नंबरवर काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. (प्रीपेडमध्ये किमान २० रुपये शिल्लक असतील तर त्यातून पैसे कापून नंबर टिकवण्याची सोय ट्रायच्या २०१३च्या नियमात आहे, पण तेवढ्यावर सहा महिने विसंबू नये.) बंद झालेला नंबर कंपनी आणखी किमान ९० दिवस कोणाला देत नाही, त्यानंतर देऊ शकते. म्हणजे वीस वर्षं वापरलेला, बँक, गॅस, आधार, युपीआय सगळीकडे नोंदवलेला नंबर एका परक्याच्या हातात. ट्रायने २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हीच ९० दिवसांची मुदत सांगितली होती.

हे सगळं टाळायला लागणारे पैसे किती? इथे बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं: भारतीय कंपन्यांच्या रोमिंगमध्ये येणारा एसएमएस सर्वसाधारणपणे फुकट असतो. ओटीपी म्हणजे येणारा एसएमएसच. रोमिंग सेवा चालू, त्या सिमचा डेटा रोमिंगचा खटका बंद, परदेशात त्यावर आलेला फोन उचलायचा नाही, एवढी पथ्यं पाळली तर महिनोन् महिने ओटीपी येत राहतात आणि बिल चढत नाही. राहिला रिचार्ज. ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले आणि अशा पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांवर नेली. त्यानंतर आलेले वर्षभराच्या आसपासचे पॅक अठराशे रुपयांच्या घरात होते. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या दुकानात असा पॅक मागितला तर पोरगा आधी रोज दोन जीबीचाच पुढे करतो. "नेटवाला नको" हे ठासून सांगावं लागतं.

एक बारीक गोष्ट. ज्या फोनमध्ये युपीआय चालू आहे तो तसाच घेऊन जा. ॲप आधीच नोंदलेलं असेल तर नातवाच्या घरच्या वायफायवरही उघडतं. नवा फोन घेऊन तिकडे पुन्हा नोंदणी करायला गेलात, तर ॲपला तुमच्या भारतीय सिमवरून एसएमएस पाठवावा लागतो. तो जाणारा एसएमएस, त्याचे पैसे लागतात, आणि तो परदेशातून पोचेलच असं नाही.

"मी त नेट चालवतच नाही"

तुम्ही चालवत नसाल, फोन चालवतो.

शारजात उतरल्यावर तुमचा फोन तिथल्या टॉवरला आपली ओळख सांगतो, टॉवरवाली कंपनी भारतातल्या कंपनीला विचारते, होकार आला की सेवा सुरू. तिथून पुढे प्रत्येक मिनिटाचे आणि प्रत्येक एमबीचे पैसे भारतीय कंपनी तिकडच्या कंपनीला देते आणि तुमच्याकडून घेते. लेकराने मामाच्या गावच्या दुकानातून उधारीवर खाऊ घ्यावा आणि वही बापाकडे यावी, तसा हा व्यवहार. वही यायला वेळही लागतो, म्हणून पोस्टपेडवाल्याला धक्का बसतो तो घरी आल्यावर. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की सेवा थांबते. ज्याला आपल्या फोनच्या सेटिंगची खात्री नाही त्याने प्रीपेडच घेऊन जावं.

पॅक नसताना एमबीचा दर काय लागतो ते देश आणि कंपनीप्रमाणे बदलतं. समजा तो १०० रुपये आहे. फॅमिली ग्रुपवर कोणी मुंजीचा १५ एमबीचा व्हिडिओ टाकला आणि तो आपोआप उतरला, की दीड हजार. एका जीबीचा हिशेब केला तर आकडा एक लाख दोन हजार चारशे येतो. लाखाच्या बिलांच्या गोष्टी थापा नसतात, त्या अशा गुणाकारातून निघतात. आणि जीबीभर डेटा जायला माणसाने सिनेमा पाहावाच लागतो असं नाही: काढलेले फोटो गुगलवर चढवणं, ॲपचे अपडेट, मेल, नकाशा हे सगळं फोन खिशात असतानाच चाललेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये रोमिंगवर असताना मीडिया उतरवायचा की नाही याची वेगळी सोय आहे. ती बंदच असू द्या.

दोन सिमच्या फोनमध्ये आणखी एक खाचखळगा असतो. तिकडचं सिम घातलं, डेटासाठी तेच निवडलं, तरी काही फोन त्याची रेंज कमी झाली की डेटा आपणहून दुसऱ्या सिमवर नेतात, म्हणजे भारतीय सिमवर. म्हणून डेटा रोमिंग बंद केलं का, हे भारतीय सिमच्या सेटिंगमध्ये शिरून वेगळं पाहायचं.

फोन घेण्याबद्दल थोडंसं. परदेशात आलेला कॉल उचलला की तुम्हाला पैसे पडतात, करणाऱ्याला नेहमीचाच दर पडतो. न उचललेल्या कॉलला काही पडत नाही. त्यामुळे अकोल्याहून वाजलेली रिंग कापून व्हॉट्सअ‍ॅपवर उलट फोन करणं हा कंजूषपणा नाही. ॲपवरच्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा-एक एमबी लागतो, व्हिडिओला कित्येक पट.

"तिकडचं सिम घेतलं का व्हॉट्सअ‍ॅप जाते"

जात नाही. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यायचं; नवं सिम घातल्यावर नंबर बदलायचा का असं ॲप विचारू शकतं, नाही म्हणायचं. जुन्या नंबरावरच सगळे ग्रुप, सगळी 'शुभ सकाळ' चालू राहते.

मात्र संयुक्त अरब अमिरातीत एक अडचण आहे. तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, कॉल अडवलेले आहेत. दुबईची सहल ठरवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि मग "पोहोचलो" एवढं सांगायला साधा कॉल करावा लागतो. जाण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा की निरोप लेखी येईल किंवा व्हॉइस नोट येईल. चीनमध्ये उलटा प्रकार. तिथल्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल बंद, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर ते साधारणपणे चालतात. कारण रोमिंगचा डेटा आधी आपल्या कंपनीकडे भारतात येतो आणि इथून इंटरनेटवर जातो. रोमिंगवर नेट थोडं रेंगाळतं तेही या हेलपाट्यामुळेच.

"नेपाळले जायाले पासपोर्ट लागत नाही, मंग फोनले काय लागते?"

पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या बसने जाणाऱ्या मंडळींचा हा लाडका गैरसमज. नेपाळला भारतीय माणसाला व्हिजा नको, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. फोनला मात्र नेपाळ परदेशच. भूतानही तसंच. त्यातही सोनौली किंवा रक्सौलला सीमेच्या अलीकडे मुक्काम असला तरी फोन पलीकडचा तगडा टॉवर पकडू शकतो. तिथे नेटवर्क आपोआप निवडण्याचं सेटिंग बंद करून आपली कंपनी हाताने निवडावी. आजवर देशातल्या चारधामलाच गेलेल्या मंडळींना अशी सवय नसते.

"पॅक मारला ना, आता काय टेन्शन"

पॅक घेणं दहा दिवसांच्या सहलीला बहुतेक वेळा शहाणपणाचंच. पण पॅक घेताना विचारायच्या गोष्टी कोणी विचारत नाही. वाटेत थांबणार तो देश यादीत आहे का? दोह्यात चार तास विमान बदलताना फोन चालू केला आणि पॅक फक्त अमेरिकेचा असला, तर ते चार तास पॅकबाहेर. दिवस मोजतात तो २४ तासांचा की तारखेचा, आणि तारीख कुठली, इथली की तिथली? पॅकमधले कॉल बहुधा त्या देशातले आणि भारतातले असतात. लंडनहून जर्मनीतल्या भाच्याला लावलेला फोन त्यात नसतो. 'अनलिमिटेड' डेटाला ठरावीक मर्यादेनंतर वेग उतरण्याची अट असते. पॅक रिचार्ज केल्या क्षणी सुरू होतो की तिकडे उतरल्यावर, हेही प्रत्येक पॅकचं वेगळं.

आणि विमान. काही विमानांत आणि मोठ्या क्रूझवर स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. ते बहुतेक देशांच्या पॅकमध्ये बसत नाही, त्याचे दर वेगळे आणि भारी. समुद्रावर रेंज आली म्हणून हरखून जाऊ नका. फ्लाइट मोड करा.

चाळीस दिवसांच्या मुक्कामाला मात्र पॅक परवडत नाही. अकोला-अमरावतीचे अनेक हजयात्री नागपूरहून निघतात; त्यांना 'हज सुविधा' हे सरकारी ॲप मार्च २०२४पासून उपलब्ध आहे आणि त्याला डेटा लागतो. इतक्या दिवसांसाठी तिथलं सिम स्वस्त. सौदीत ते पासपोर्ट दाखवून आणि बोटांचे ठसे देऊन मिळतं, त्यामुळे एकाच्या नावावर चार सिम घेऊन वाटण्याचा आपला इथला उद्योग तिथे चालत नाही. भारतात बसून परदेशी सिम किंवा ई-सिम घ्यायचं तर विकणाऱ्याकडे दूरसंचार विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४मध्ये दोन मोठी ई-सिम ॲप ॲपल आणि गुगलच्या भारतीय दुकानांतून काढायला लावली होती. ई-सिमवरून आठवलं: मुलाने अमेरिकेतून पाठवलेला आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल तर त्यात सिम घालायला खाच नसते. बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर हे कळून उपयोग नाही. आपल्या कंपनीकडून ई-सिम आधीच करून घ्यावं लागतं.

इतकं करूनही बिल चुकीचं आलंच, तर दुकानदाराशी भांडून काही होत नाही. पॅक सुरू झाल्याचा एसएमएस आणि फोनमधल्या डेटा वापराचा, तारखा दिसतील असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपिलाला फी नाही, पण मुदत आहे, म्हणून तो क्रमांक हाताशी ठेवा.