उणे वीसमध्ये ससा साफ करताना

अलास्कातल्या फेअरबँक्सच्या आमच्या शेजाऱ्याने परवा विचारलं, "एवढ्या थंडीत ससा घरी नेऊन निवांत साफ केला तर काय बिघडतं?"

बिघडतं! दाट केसांखाली ऊब टिकते, म्हणून आतडी लगेच काढायची. शिवाय अंग गरम असेपर्यंत कातडं नुसत्या हाताने सुटतं. गोठलं की झटापट.

पोटावरची चीर उथळच हवी. सुरी खोल गेली तर आतडं फुटून मांस खराब होतं.

रबरी हातमोजे घालाच. सशापासून माणसाला टुलरेमिया हा जंतुसंसर्ग होऊ शकतो. कलेजीवर पांढरे ठिपके दिसले, तर अख्खा ससा टाकून द्या. गोठवून हे जंतू मरत नाहीत, मांस पूर्ण शिजवावं लागतं.

(अलास्कात परवाना काढून सशाची शिकार करता येते. भारतात १९७२च्या कायद्याने बंदी आहे, तिकडे प्रयोग नकोत!)

रश्श्याला मागचे पाय उत्तम. काही अडलं तर विचारा, मसाल्यासकट सांगेन.