‘असू दे, लागेल कधीतरी!’

बँकेत दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते आम्ही वेगळे काढून ठेवत असू. लबाडीला वाव असतो तो अशाच निपचित खात्यात. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही अशी निपचित खाती असतात, हे मला फार उशिरा कळले.

१ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीत नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरपैकी एकावर चढवायचा राहिला आणि २००३ पासून वापरात नसलेला जुना भाग तिथे जागा झाला. ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली! तो भाग वेळीच कोणी पुसला नव्हता.

अशी अडगळ शोधायची कशी? ‘हास्केल’ या फंक्शनल पद्धतीच्या संगणकभाषेत प्रोग्रॅम म्हणजे एकमेकांना हाक मारणाऱ्या लहान लहान फंक्शन्सचे गावच. तिचा कंपायलर एका फायलीतले निकामी फंक्शन दाखवतो. पण इतर फायलींसाठी खुले ठेवलेले फंक्शन कोणी वापरते का, हे त्याला कळत नाही. तिथे ‘वीडर’ हे साधन उपयोगी पडते. वीडर म्हणजे खुरपणी करणारा. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते मूळ धरून ते एकेका हाकेचा माग काढते. माग जिथवर पोचत नाही, ते तण!

मात्र मुळे कोणती, हे माणसालाच सांगावे लागते. तिथे चूक झाली, तर पीकही तणात मोजले जाते. उपटायचेही माणसानेच. आणि आपला हात अडतो तो नेमका तिथे. ‘असू दे, लागेल कधीतरी,’ असे म्हणत आपण माळा भरत राहतो.