आकडा कुठून आला, हेही विचारा

हल्ली सकाळी दुधाची पिशवी आत येण्याआधी घरात एक आकडा येतो. हवा कशी, पाऊस किती, ऊन किती, सगळे मोबाइलच्या पडद्यावर. मुलीला छत्री द्यायची का, सासऱ्यांना फिरायला जाऊ द्यायचे का, पापड गच्चीवर वाळत घालायचे का, हे आपण त्यावरून ठरवू लागलो आहोत. मग तो आकडा येतो कुठून आणि त्यावर किती विसंबायचे, हे समजून घ्यायला नको का?

उपग्रह, रडार, पर्जन्यमापक, हवा तपासणारी यंत्रे आणि तुमच्या-आमच्यासारख्यांनी केलेल्या नोंदी यांचा जो अफाट ढीग आज जमतो, त्याला ‘बिग डेटा’ म्हणतात. जन्मभर वाचला तरी संपायचा नाही, म्हणून तो निवडायचे काम संगणकाकडे!

चिऊताई खरंच हरवली का?

‘चिमण्या दिसेनाशा झाल्या,’ असे आपण सगळ्याच म्हणतो. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवर एक मोठा अहवाल निघाला. हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून त्यात असे दिसले, की मोठ्या शहरांत चिमण्या कमी झाल्या आहेत. पण साऱ्या देशाचा विचार केला तर पंचवीस वर्षांत त्यांची संख्या साधारण टिकून आहे. २०२३ च्या अहवालासाठी तर तीस हजारांवर लोकांच्या तीन कोटींवर नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा विचार झाला. एवढे काम मूठभर पगारी शास्त्रज्ञांच्या हातून झाले असते का?

पण यात एक मेख आहे. माणसे जिथे फिरायला जातात, तिथल्याच पक्ष्यांची नोंद होते. शिवाय दुर्मीळ पक्षी दिसला की उत्साहाने लिहायचा आणि चिमणी-कावळा लिहायचा मात्र कंटाळा! म्हणून दिसलेल्या सर्व जातींची पूर्ण यादी द्या, असे निरीक्षकांना सांगावे लागते. दुर्मीळ पक्ष्याचा ठावठिकाणा सगळ्यांना कळला तर शिकारीही तिथे पोचतील. त्यामुळे ज्या ‘ईबर्ड’ संकेतस्थळावर या नोंदी होतात, तिथे काही जातींची नेमकी जागा दाखवतच नाहीत.

शितावरून भाताची परीक्षा?

२६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे तीन फुटांहून जास्त पाणी. त्याच वेळी कुलाब्याची नोंद होती अवघी ७३ मिलिमीटरच्या आसपास! समजा, शहरात कुलाब्याचे एकच यंत्र असते तर? ‘बरा पाऊस झाला’ अशी कागदावर नोंद झाली असती आणि इकडे कुर्ला, कलिना पाण्याखाली!

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळे पातेले एकाच आचेवर असते. आभाळाचे तसे नाही. पुढे मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, रडारही आले. यंत्रे जितकी दाट, तितका इशारा नेमका. बिग डेटाचा हा खरा लाभ.

यंत्राने पाहिले, पण...

आता उलट बाजू पाहा. अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश केंद्रात १९५० च्या दशकापासून जमिनीवरूनच ओझोन मोजत असत. मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी जाहीर केले, की तिथल्या वसंतात ओझोन सुमारे एक तृतीयांशाने घटला आहे. १९७८ साली सोडलेला अमेरिकेचा निंबस-७ उपग्रह तर वरून ओझोन मोजतच होता! पण फार कमी आलेल्या आकड्यांवर संगणक ‘चूक असावी’ अशी खूण करीत होता. त्यांची शहानिशा होईपर्यंत जमिनीवरच्या साध्या यंत्राने जगाला सावध केले.

मात्र ते छिद्र जवळजवळ खंडाएवढे मोठे आहे, हे चित्र दाखवले ते उपग्रहाच्याच आकड्यांनी. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला; फ्रीज आणि स्प्रेमधले घातक वायू हळूहळू बंद झाले. २०६६ च्या सुमारास तिथला ओझोन १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ढीगही हवा आणि त्यातला ‘विचित्र’ दाणा न टाकणारी नजरही हवी.

घरी काय पाहावे?

हवेचा निर्देशांक पाहताना तो कोणत्या मोजपट्टीचा आहे ते आधी पाहा. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम सूक्ष्म धूलिकण असलेली हवा भारतीय पट्टीवर १००, म्हणजे ‘समाधानकारक’. तीच अमेरिकी पट्टीवर १५० च्या वर, म्हणजे अपायकारक! दोन ॲपचे आकडे जुळत नाहीत, त्याचे हे एक कारण.

दुसरे, यंत्र कुठे आहे ते पाहा. गावात यंत्र नसले तरी ॲप आकडा दाखवते. तो बहुधा गणिताने काढलेला अंदाज असतो.

तिसरे, स्वस्त यंत्रे दमट हवेत ओलाव्यालाच धूळ समजतात. पावसाळ्यात किंवा कोकणात आकडा एकाएकी चढला तर घाबरून जाऊ नका.

चौथे, आपल्या स्वयंपाकघरातला फोडणीचा धूर आणि डासांसाठी लावलेली कॉइल कुठल्याच नकाशावर नसते. खिडकी उघडायची ती आपणच. घरात दम्याचे माणूस असेल तर आकडा चांगला असला तरी त्याच्या छातीची घरघर आधी ऐका.

आणि मैत्रिणींनो, जिथे यंत्र नाही तिथली हवा आपोआप स्वच्छ होत नाही. फक्त तिची तक्रार कागदावर येत नाही. वीटभट्टीजवळची वस्ती, कचरा जाळतात त्या मैदानाशेजारची शाळा, अशा जागा बहुधा सुटतात. तेव्हा भिशीला किंवा महिला मंडळात जमाल, तेव्हा हा विषय काढा. ‘आमच्या गावाची हवा कुठे मोजता?’ असा अर्ज दहाजणींच्या सह्यांनी नगरपालिकेत द्या. उत्तर आले नाही, तर महिन्याने पुन्हा द्या.